वीस मिनिटांची पत्रावळ

रोहित गाडेकरने मला फसवलं. मी शकिलाभाभींना फसवलं. शकिलाभाभींनी आपल्या गाईला. तिघांत फरक एवढाच, की आपण फसवतोय हे फक्त पहिल्याला माहीत होतं.

मला ते कळलं तेव्हा मी पुणतांब्याजवळच्या एका वाडीत, शकिलाभाभींच्या गोठ्यात उभा होतो. गाय खांबाला आखडून बांधलेली. जनावरांच्या डॉक्टरांनी तिची डावी कूस भादरून, सुई देऊन वीतभर चिरली होती आणि खांद्यापर्यंत हातमोजा घालून ते पोटातला चारा बाहेर काढत होते. नुसता चारा येत होता. मग चाऱ्यात गुंतलेलं काहीतरी पातळ, पांढुरकं यायला लागलं. एक घमेलं भरलं. डॉक्टरांनी त्यातला एक तुकडा बादलीत खळबळून धुतला आणि माझ्यासमोर धरला.

"प्लास्टिक आहे. पण कॅरीबॅगचं नाही वाटत. हे काय आहे हो?"

मी तुकडा हातात घेतला. तळहाताएवढा पापुद्रा. त्यावर बाकदार रेघा उमटलेल्या होत्या, एकामागे एक, सारख्या अंतरावर. ते अंतर मला मोजावं लागलं नाही. नऊ मिलिमीटर. त्या रेघा मी काढल्या होत्या.

माझा धंदा डाय बनवण्याचा. डाय म्हणजे साचा. लोखंडाचे दोन भाग असतात, एक खालचा, एक वरचा. मधे माल ठेवायचा, दाबायचा, तो आकार घेतो. बाटलीचं झाकण असो की मोटारसायकलचं मडगार्ड, आधी कुणीतरी डाय बनवलेली असते. दहावीनंतर मी नगरच्या एमआयडीसीत लेथवर लागलो. बारा वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर काढली. मग केडगावला पत्र्याची शेड घेतली आणि स्वतःचं चालू केलं. घेताना आणि देताना घासाघीस करतो, आवाज चढतो, माणसं नाराज होतात. पण भापकरची डाय परत आली असं एमआयडीसीत कुणी म्हणत नाही. म्हणत नव्हतं.

रोहित गाडेकर शेडवर आला तो मोठी गाडी घेऊन आणि एक प्लेट घेऊन. वय तीस-बत्तीस. पुण्यात शिकून आलेला. श्रीरामपूरच्या बाजूला त्याने नवीन कारखाना टाकला होता. उसाचा रस काढल्यावर जो चोथा उरतो त्याला बगॅस म्हणतात. आपल्या जिल्ह्यात त्याचे डोंगर असतात. तो भिजवून, दळून त्याचा लगदा करायचा, गरम डायमधे दाबायचा, की प्लेट तयार. थर्माकोलवर बंदी आल्यापासून अशा प्लेटला मागणी होती.

"काका, डिट्टो अशी डाय पाहिजे," त्याने प्लेट टेबलावर ठेवली. तीन खणांची, बाहेरच्या देशातली.

"ही घेणार कोण?"

"लग्नवाले, सप्ताहवाले. आपल्या भागात सप्ताह किती असतात!"

"सप्ताहात काय वाढतात, ठाऊक आहे ना?"

"आमटी-भाकरी."

"मग तीन खणांत काय काय वाढू? आमटी, आमटी आणि आमटी?"

तो हसला. मी हसत नव्हतो. चुकीच्या वस्तूची उत्तम डाय बनवणं हे मला जमत नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. सप्ताह म्हणजे सात दिवस भजन-कीर्तन आणि शेवटच्या दिवशी गावजेवण. आमच्याकडे त्या दिवशी घराघरात भाकऱ्या थापतात आणि ट्रॅक्टरची ट्रॉली दारोदार फिरून त्या गोळा करते. आमटी तिथेच मोठमोठ्या कढयांत शिजते. जेवणारा जमिनीवर मांडी घालून बसतो. भाकरी कुस्करतो, वरून उकळती आमटी घेतो, बोटांच्या पेरांनी दाबून कालवतो. पेरांनी दाबतो, हे महत्त्वाचं. खाली टेबल नसतं, ढेकळं असतात. आमटी पातळ, वर लाल तवंग. म्हणजे पाणी, तेल, उष्णता आणि वरून दाब, सगळं एकदम. बुफेच्या प्लेटवर यातलं काहीच येत नाही.

मी रोहितला म्हणालो, "आठ दिवस दे. मी बघून येतो." आणि एका सप्ताहाला जाऊन दोनदा जेवलो. एकदा भूक म्हणून, एकदा मोबाईलवर वेळ लावून. वाढल्यापासून उठेपर्यंत गडी माणूस बारा-तेरा मिनिटं घेतो. बाया थोड्या जास्त. म्हातारी माणसं सावकाश चावतात, पुन्हा आमटी मागतात, गप्पा मारतात. त्यांना वीस मिनिटं लागतात.

"वीस मिनिटं गळता कामा नये," मी रोहितला सांगितलं.

"काका, वीस कशाला? आठ मिनिटं इंडस्ट्रीत चालतात."

"आठ मिनिटांत तुझं जेवण होतं?"

"बुफेत पाचच लागतात."

"तू उभ्याने जेवतोस. तुझं सोड."

तो दहावर आला. मी वीसवर. तो बारावर आला. मी वीसवर. चहा झाला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बरं, वीस. झालं समाधान?"

"अजून एक. लगद्यात औषध-बिषध काही घालायचं नाही. आमच्याकडे उष्टी पत्रावळ जनावरं खातात."

"एकदम नॅचरल, काका. तोच तर आपला यूएसपी आहे."

पैशाचं बोलणं त्यानंतर झालं आणि लवकर झालं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. जो माणूस मिनिटांवर तासभर भांडतो आणि किमतीवर भांडत नाही, त्याला पहिलं पाळायचंच नसतं.

पहिल्या ट्रायलला पत्रावळ सहा मिनिटांत गळली. ट्रायल म्हणजे डाय प्रेसवर चढवून काढलेला पहिला माल. गळली ती तळाला नाही, कडेला, जिथे तळ संपून काठ वर वळतो. भाकरी थापताना कड पातळ होते तसा लगदा तिथे ताणून पातळ होत होता. मी तो कोपरा काढून टाकला आणि थाळीसारखा पसरट बाक दिला. नऊ मिनिटं झाली. मग तळ ओला व्हायला लागला, नेमका जिथे पेरं दाबतात तिथे. पत्र्याच्या पिंपाला वळ्या असतात, त्याने पत्रा दबत नाही. तशा मी तळाला गोल वळ्या दिल्या, नऊ नऊ मिलिमीटरवर. बारा मिनिटं झाली. मग डायला आरशासारखं पॉलिश मारलं आणि दाबून धरायची वेळ वाढवली. कपड्याला इस्त्री बसते तसा लगद्याचा पृष्ठभाग बंद होतो. सोळा मिनिटं झाली.

सोळावर गाडी अडली. तीन महिने मी सगळं करून बघितलं. एखाद्या दिवशी सतरा, एखाद्या दिवशी पंधरा, पण वीस काही होईना.

तरी पत्रावळ चांगली होती. मला ती आवडत होती. तीस वर्षांत मी बनवलेल्या वस्तूंपैकी घरी नेऊन बायकोला दाखवलेली ती एकच.

याच काळात वाडीच्या सप्ताह कमिटीने बोलावलं. मंदिराच्या सभामंडपात पंचवीस-तीस माणसं होती. कमिटीचे प्रमुख बाबुराव अण्णा, सत्तरीचे, कानाला मफलर गुंडाळलेला. त्यांनी माझी पत्रावळ उलटीसुलटी करून पाहिली.

"भापकर, आमच्यात उष्टी पत्रावळ फेकत न्हाईत. पळसाची हुती तवा शेखाच्या गोठ्यात जायची. ह्या शकिलाच्या सासऱ्याच्या. त्या बदल्यात सात दिवस चहाला दूध त्यांचं. थर्माकोल आलं आन् पत्रावळ जायची बंद झाली. दूध मात्र त्यांनी बंद केलं न्हाई."

शकिलाभाभी मागे बायकांत बसल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात गुरांचं दावं, बहुतेक तशाच उठून आलेल्या. त्या तिथूनच बोलल्या. "अण्णा, दुधाचं ऱ्हाऊ द्या. हे जनावरानं खाल्लं तर चालंल का, तेवढं विचारा त्यांला."

मला असे प्रश्न आवडतात. मी पत्रावळ घेतली, मधोमध फाडली, एक तुकडा तोंडात टाकला आणि चावून गिळला. सभामंडप हसायला लागला.

"मीठ देऊ का?" अण्णा म्हणाले.

"भाभी," मी म्हणालो, "हा ऊस आहे. नुसता ऊस. बिनधास्त घाला."

हे शब्द माझे. कुणी माझ्या तोंडात घातले नाहीत.

अण्णांनी शेवटी एकच अट घातली. मागच्या वर्षी कागदी पत्रावळ गळून म्हाताऱ्यांची धोतरं खराब झाली होती. "वीस मिनिटं टिकली पायजे," ते म्हणाले. मी "टिकेल" म्हणालो. सोळा मिनिटं टिकते हे मला माहीत होतं. पण तीस माणसं हसून माझ्याकडे बघत होती. आणि चार मिनिटं म्हणजे काय, काढू कुठून तरी, असं मला वाटलं.

परत आल्यावर रोहितला फोन केला. "सोळाच्या पुढे डाय जात नाही."

"मग सोळा सांगू ना त्यांना?"

"वीस ठरलंय. मी शब्द दिलाय. तुझ्या बाजूने काय होतंय बघ. लगदा बारीक दळ."

"बघतो काका. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

तीन आठवड्यांनी त्याने कारखान्यात बोलावलं. मशीनवरून निघालेल्या मालातली पत्रावळ जमिनीवर ठेवली, उकळती आमटी ओतली, मी स्वतः पेरांनी दाबली. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. खाली बोट फिरवलं, कोरडं.

"काय केलंस?"

"प्रोसेस सुधारली. पण खरी कमाल तुमच्या वळ्यांची आहे, काका."

इथे मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. भंगार घेताना मी लोखंडाला चुंबक लावून बघतो. टरबूज घेताना तीन टरबुजं वाजवतो. पण ती पत्रावळ मी फाडली नाही. सोळाची पंचवीस झाली ती माझ्या वळ्यांमुळे, हे मला खरं वाटलं, कारण ते ऐकायला बरं वाटत होतं. मी सील सँपलवर सही केली. सील सँपल म्हणजे दोघांनी पास केलेला नमुना. त्याच्या मागे सह्या करून तो बांधून ठेवतात. पुढे वाद झाला तर तो उघडतात. माल यासारखाच हवा, असा त्याचा अर्थ.

सप्ताह छान झाला. एकही पत्रावळ गळली नाही. अण्णांनी माईकवर माझं नाव घेतलं, नारळ दिला. जेवणं झाल्यावर पोरांनी उष्ट्या पत्रावळी दोन ट्रॉल्यांत भरल्या. एक ट्रॉली गावाच्या खताच्या खड्ड्यात रिकामी झाली. दुसरी, जुन्या रितीप्रमाणे, शेखांच्या गोठ्यात गेली. शकिलाभाभींनी त्या पत्रावळी उन्हात वाळवल्या, रचून ठेवल्या आणि रोज थोड्या थोड्या चारा कापायच्या कुट्टी मशीनमधून काढून चाऱ्यात मिसळायला लागल्या.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला.

"भापकरभाऊ, गाय खाईना झालीय. रवंथ बंद. डॉक्टर पोट फाडायचं म्हन्त्यात. तुमच्या पत्रावळीत काय हाय?"

माझा आवाज चढला. "काही नाही भाभी. मी तुमच्यासमोर खाल्लीय."

"तुमी एक तुकडा खाल्ला. तिनं अर्धी ट्रॉली खाल्ली."

मी गाडी काढली ती त्यांना खोटं पाडायला. पुढे गोठ्यात काय दिसलं ते वर सांगितलंच आहे.

डॉक्टर टाके घालत होते तेव्हा शकिलाभाभी गाईचं तोंड धरून उभ्या होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. गाईशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "कुट्टीच्या पात्याला दोरे गुंडाळायचे. मी रोज काडून टाकायचे. मला वाटायचं उसाचाच धागा हाय. नुसता ऊस हाय म्हन्ले हुते ना."

गाय गाभण होती. पाचवा महिना. डॉक्टर म्हणाले, गाय जगेल, पोटातल्याचं सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी ते वासरू गेलं.

टाके घालून झाले त्याच दिवशी मी गोठ्यातूनच श्रीरामपूरला गेलो होतो. तो पापुद्रा प्लास्टिकच्या पिशवीत घालायला मन झालं नाही, म्हणून रुमालात बांधून नेला. रोहितच्या टेबलावर रुमाल सोडला.

"हे काय आहे?"

त्याने घाण वास आल्यासारखं तोंड केलं. "काय आहे?"

"तुझी प्रोसेस. गाईच्या पोटातून निघाली."

तो उठला, केबिनचं दार लावलं. "काका, हळू बोला. तो एक लेयर आहे. एकदम पातळ. फूड ग्रेड."

"प्लास्टिक ना?"

"लेयर आहे."

"प्लास्टिक म्हण."

"टेक्निकली बॅरियर लेयर म्हणतात."

मी टेबलावर हात आपटला, चहाचा कप पडला, बाहेरची दोन माणसं काचेतून डोकावली. तो शब्द त्याने शेवटपर्यंत उच्चारला नाही. कपाटातली एक पत्रावळ मी घेतली आणि फाडली. तीन महिन्यांपूर्वी फाडायला हवी होती ती. उसाचा भाग टरकन फाटला. आतला पापुद्रा फाटला नाही, ताणला गेला आणि लोंबत राहिला.

"मी तुला काय सांगितलं होतं? आत काही घालायचं नाही."

"आत नाहीच घातलं. वर लावलंय." हे तो मस्करीत म्हणत नव्हता.

"आणि पाकिटावर 'कुजून खत होतं' असं छापलंयस ते?"

"सर्टिफिकेट आहे ना." त्याने फाईल काढली. सर्टिफिकेट खरं होतं. मी तारीख वाचली. ते लेयरच्या आधीचं होतं. माझ्या शेडमधून नेलेल्या सोळा मिनिटांच्या पत्रावळीवर मिळालेलं. कागद एकीचा, माल दुसरीचा.

मग तो शांतपणे बोलला, आणि ते मला अजून टोचतं.

"काका, वीस मिनिटं कुणी मागितली? मी तर सोळा सांगू म्हणत होतो. तुम्ही 'वीस ठरलंय' म्हणालात. बगॅस वीस टिकत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग ती चार मिनिटं कुठून आली, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत? आणि सील सँपलवर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग?"

मी फाटलेली पत्रावळ घेऊन बाहेर पडलो. 

दुसऱ्या दिवशी वाडीत जाऊन अण्णांना सोबत घेतलं आणि खताचा खड्डा उकरायला लावला. फावडं दोन फूट गेलं. खत चांगलं झालं होतं. काळं, मऊ, वास नसलेलं. उसाचा चोथा पुरता कुजला होता. उसाबद्दल मी खोटं बोललो नव्हतो, तेवढं त्या खताने सिद्ध केलं. आणि त्या खतात, एकावर एक, नुसते पापुद्रे होते. पूर्ण गोल, काठासकट, बाकासकट, वळ्यांसकट. ऊस निघून गेला होता. माझी डिझाइन तेवढी उरली होती.

अण्णांनी एक पापुद्रा काठीने उचलून धरला.

"लई चांगली केल्ती हो पत्रावळ," ते म्हणाले. मग काठी खाली केली. "आता बभ्रा नका करू. कमिटीचं नाव जाईल. पुढल्या वर्षी दुसरी बघू."

"अण्णा, हे खत शेतात गेलं असतं."

"ते बी खरं." पण ते घराकडे वळले होते.

मी सर्टिफिकेट देणाऱ्या लॅबमध्ये गेलो. ते म्हणाले, आमच्याकडे जो नमुना येतो तो आम्ही तपासतो. कारखान्यातून काय निघतं ते बघणं आमचं काम नाही. मग ज्यांचं काम आहे असं सांगितलं त्यांच्याकडे गेलो. तिथे अर्ज दिला. त्यांनी दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं. तिथल्या साहेबांनी पापुद्रा रुमालासकट बाजूला सरकवला आणि विचारलं, "तुम्ही यात कोण? ग्राहक की उत्पादक?" मी म्हणालो, डाय माझी आहे. "मग तुमचा संबंध कसा येतो?" ते म्हणाले. मी त्यांना समजावून सांगितलं, दोनदा. तिसऱ्यांदा सांगायची ताकद राहिली नव्हती. साठी जवळ आलीय. पूर्वी अशा टेबलांवर मी अर्धा दिवस भांडत बसायचो. हल्ली लवकर थकतो.

शकिलाभाभींकडे मात्र जात राहिलो. गाय उभी राहिली, चारा खायला लागली, पण दूध आटलं. उरलेल्या पत्रावळींची थप्पी गोठ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होती. "जाळावं तर काळा धूर," त्या म्हणाल्या, "पुरावं तर कुजंना. तुमीच घिऊन जा." मी त्या टेम्पोत भरून आणल्या. केडगावच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला लावून ठेवल्यात. रोज दिसतात.

त्या दिवशी टेम्पो भरून झाल्यावर त्यांनी चहा दिला. कोरा. दूध नव्हतं. मला वाटलं, हे मुद्दाम आहे. पण तसं नव्हतं, घरात दूधच नव्हतं.

"सप्त्याला दूध कसं द्यायचं, त्याची काळजी पडलीय," त्या म्हणाल्या. "सासऱ्यापासून चाललंय. थर्माकोलात बंद न्हाई पडलं."

मी म्हणालो, "भाभी, माझी पहिली पत्रावळ बरोबर होती. सोळा मिनिटं टिकायची. जे पाहिजे होतं ते तिच्यात होतं. फक्त म्हाताऱ्यांना चार मिनिटं कमी पडत होती. त्या चार मिनिटांनी घात केला."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"म्हातारी किती असतात आपल्या पंगतीला?"

"असतील चाळीस-पन्नास."

"मग त्यांला घरचं ताट घिऊन या म्हनायचं. पूर्वी आनायचीच की समदी. त्यात काय एवढं?"

मी कप खाली ठेवला. तीन महिने डाय घासली, कोपरे काढले, वळ्या दिल्या, रोहितशी मिनिटामिनिटावर भांडलो. सभामंडपात तीस माणसं समोर होती. त्यांना 'सोळा मिनिटं टिकते, चार कमी पडतात, काय करू या?' एवढं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर हे उत्तर मागच्या रांगेतून तिथल्या तिथे आलं असतं.

माझ्या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी आता दोन गोष्टी सांगतो. माल पास करताना तो फाडून बघा, मग तो कितीही चांगला दिसो, आणि चांगला दिसला तर आधी फाडा. दुसरं, वस्तू कमी पडत असेल तर किती कमी पडते ते वापरणाऱ्याला सांगून टाका. तो चालवून घेतो. आपल्यालाच चालत नाही.

माझ्या वाट्याचं उत्तर मी दिलं. गाभण गाय शोधून दारात आणून बांधली. भाभी नको म्हणत होत्या. त्यावर आमची अर्धा तास घासाघीस झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी जास्त द्यायला भांडलो. शेवटी 'पहिली कालवड झाली की ती तुमची' या अटीवर त्यांनी दावं हातात घेतलं. कमिटीसमोरही उभा राहिलो आणि सांगितलं, की मी वीस म्हणालो तेव्हा माझ्याकडे सोळाच होती. सभामंडप त्या दिवशी हसला नाही.

पण ही सगळी बेरीज माझ्या एकट्याच्या नावावर मी घेणार नाही. रोहित गाडेकरचा कारखाना चालू आहे. तीच डाय, त्याच वळ्या, तोच पापुद्रा. पाकिटावर हिरवं पान आणि खाली लिहिलेलं, 'कुजून खत होतं'. या हंगामात तो माल कितीतरी गावांत गेलाय. तिथेही ट्रॉल्या भरतील. तिथेही कुणाच्या तरी गोठ्यात कुट्टी मशीन असेल.

म्हणून रोहित, तुला इथे सगळ्यांदेखत सांगतो. यंदाच्या सप्ताहाला वाडीत ये. सभामंडपात ये. तुझी एक पत्रावळ सोबत आण आणि मी फाडली होती तशी मधोमध फाड. मग मागच्या रांगेत बसलेल्या शकिलाभाभींना तुझ्या तोंडाने सांग, की आत जे लोंबतंय ते काय आहे. लेयर म्हणू नकोस, बॅरियर म्हणू नकोस. त्याला एक नाव आहे आणि ते गावातल्या लहान पोराला येतं. ते नाव घे. आणि ज्यांनी एका पत्रावळीचं सर्टिफिकेट दुसरीला चालू दिलं, त्यांनीही यावं.

मी सील सँपल घेऊन बसलेला असेन. त्यावर सह्या दोन आहेत.